श्रमदानाला गाव लोटतं, हिशेबाला कोण येतं?

रथसप्तमीला मालेगाव तालुक्यातल्या डव्ह्याला नाथनंगे महाराजांची यात्रा भरते. तिथल्या महाप्रसादाचा व्याप असा असतो, की तो पंगतीपर्यंत पोचवायला ट्रॅक्टर लागतात. रिसोड तालुक्यातल्या लोणीला सखाराम महाराजांच्या यात्रेतही पंगतींचा असाच थाट असतो. पीठ मळणारे, कढईपुढे घामाघूम होणारे, रांगा लावणारे, पाणी वाढणारे आणि शेवटी पत्रावळी उचलणारे हात आसपासच्या गावांतून आपणहून येतात. त्यासाठी परिपत्रक निघत नाही की कुणाला रोजंदारी मिळत नाही. कोणत्या गावाने काय आणायचं आणि कोणत्या जागी उभं राहायचं, हे वर्षानुवर्षांच्या सवयीने ठरून गेलेलं असतं.

वाशिम जिल्ह्यातल्या लोकसहभागाचा आढावा घ्यायचा तर सुरुवात या पंगतीपासूनच करायला हवी. इथली माणसं एकत्र येत नाहीत, असं म्हणायला जागा नाही. ती येतात, राबतात, वर्गणी देतात. पण पंगत उठल्यावर दुसऱ्या दिवशी गल्लीतली नाली तुंबलेली असते, नळ कधी येणार ते कळत नसतं आणि नव्या ले-आऊटमधला रस्ता पहिल्या पावसात वाहून गेलेला असतो. तिथे मात्र हीच माणसं एकेकटी पडतात. ज्याच्या दारात पाणी साचलं तो नगर परिषदेत जाऊन अर्ज देतो आणि शेजारी आपल्या दारात साचेपर्यंत थांबतो.

असं का होतं, याचं उत्तर लोकांच्या स्वभावात शोधण्याची आपल्याकडे सवय आहे. ‘लोकच जागरूक नाहीत’ असं म्हटलं की चर्चा संपते. वाशिमपुरतं तरी हे उत्तर अपुरं आहे. खरं उत्तर बरंचसं कायद्यात आहे आणि थोडं इतिहासात.

वाशिमची नगरपालिका १८६९ सालची. दीडशे वर्षांहून जुनी ही संस्था, म्हणजे बऱ्याच मोठ्या शहरांच्या आधीची. कारंज्याचा मान आणखी वेगळा आहे. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंज्याला कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याची नोंद झाली. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, बाजारावर देखरेख करायला समित्या आल्या. समितीवर व्यापारी बसत, शेतकऱ्याला तिथे खुर्ची नव्हती. ज्याच्या मालाचं वजन व्हायचं त्यालाच काट्याजवळ उभं राहण्याचा हक्क नाही, ही कथा या जिल्ह्यात अशी जुनी आहे. १९०५ साली वाशिम जिल्हा मोडून अकोल्यात घातला गेला. तो परत मिळाला १ जुलै १९९८ ला. मधली ९३ वर्षं जिल्ह्याच्या कामासाठी अकोल्याची गाडी धरावी लागत होती. लोकांपासून कार्यालय लांब असण्याचा अर्थ या पिढ्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही.

आता कायद्याकडे. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. शहरांचा कारभार लोकांच्या जवळ यावा म्हणून तिने प्रभाग समित्यांची तरतूद केली, पण सक्ती केली ती ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत वाशिम शहराची लोकसंख्या ७८,३८७ होती. वाशिम, कारंजा, रिसोड आणि मंगरुळपीर या चारही शहरांची बेरीज केली तरी ती सुमारे २ लाख ११ हजार भरते. म्हणजे जिल्ह्यातले सगळे शहरवासी एकाच नगरात आणून बसवले असते, तरी घटनेने सक्तीची केलेली प्रभाग समिती त्यांच्या वाट्याला आली नसती. पुढे २००९ मध्ये राज्याने महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभा आणली. मतदान केंद्राच्या आसपासच्या रहिवाशांनी एकत्र बसून कामांचा क्रम ठरवावा, अशी ती कल्पना होती. ती मोठ्या शहरांतही बहुतेक कागदावरच राहिली.

खेड्यात चित्र उलटं आहे. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ७ ने ग्रामसभा दिली आहे आणि ती वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा गावाला पाठ आहेत. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याचीही तरतूद आहे. गावातल्या कुठल्याही मतदाराला उभं राहून ‘हा खर्च कशाचा’ असं विचारता येतं. वाशिम शहरापासून चार किलोमीटरवरच्या गावात राहणाऱ्या बाईला जो हक्क आहे, तो शहरात नव्या कॉलनीत घर बांधलेल्या तिच्या भावाला नाही. जिल्ह्यातले शेकडा ८२ लोक खेड्यात राहतात, त्यामुळे ही विषमता डोळ्यांवर येत नाही. पण शहरं वाढताहेत, समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून गेला आहे, रस्त्याच्या कडेला वावरांचे प्लॉट होताहेत. जो माणूस शेत विकून किंवा मुलांच्या शिक्षणासाठी गावातून शहरात येतो, तो येताना आपली ग्रामसभा मागे सोडून येतो.

अर्थात कायद्याने दिलेली सभा भरते कशी, हेही पाहायला हवं. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं पुरतात. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. ही पळवाट गावोगाव माहीत आहे. झेंडावंदन झालं, मुलांना चॉकलेटं वाटली, रजिस्टर घरोघर सह्यांना फिरलं, की सभा ‘झाली’. हजेरीच्या वहीत शंभर नावं असतात आणि सभेच्या आठवणी दहा जणांपाशी.

तरीही ज्या गावांनी ग्रामसभा खरोखर भरवली त्यांनी तिच्यातून काय काढलं, ते विदर्भातच पाहायला मिळतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावाने ऐंशीच्या दशकापासून दोन गोष्टी सांभाळल्या. निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा ही एक आणि निर्णयाआधी अभ्यास गटात विषय चावून घ्यायचा ही दुसरी. २००९ मध्ये त्यांना जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला तो या अभ्यासाच्या जोरावर. बाहेरचे लोक मेंढ्याला जाऊन जंगलातला बांबू पाहतात. पाहायला हवा तो अभ्यास गट, कारण तो कुठल्याही गावात आणि कुठल्याही गल्लीत बसू शकतो आणि त्याला जंगल लागत नाही.

बायकांच्या बाबतीत तर छोट्या तरतुदीनेही मोठं काम होतं. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मग मतदान घ्यायचं. ज्या मतपत्रिकेवर दारूची एक बाटली उभी आणि एक आडवी असते तिने महाराष्ट्राच्या राजकारणाला ‘आडवी बाटली’ हा शब्द दिला. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. हीच तरतूद पुढे शहरातल्या प्रभागांनाही लागू झाली. नगर परिषदेच्या हद्दीत प्रभागातल्या लोकांना थेट निर्णयाचा हक्क देणाऱ्या तरतुदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, त्यांत ही एक.

आणि कधीकधी तरतूद नसतानाही एक बाई सगळ्या गावाला हलवते. २०१५ साली वाशिम जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या एका महिलेने मंगळसूत्र आणि दागिने विकून घरात शौचालय बांधलं. तेव्हाच्या ग्रामविकास मंत्री पंकजा मुंडे यांनी तिचा सत्कार केला, बातमी देशभर गेली. सत्कार योग्यच होता. पण त्या बातमीतला जास्त अस्वस्थ करणारा भाग असा, की शौचालयासारखी गोष्ट मिळवायला एका बाईला गळ्यातलं विकावं लागलं. तिच्या मागे उभी राहील अशी सभा, गट किंवा समिती तिच्या वाट्याला तोवर आली नव्हती.

मोहिमांची मात्र या जिल्ह्याला कधीच कमतरता नव्हती. शेजारच्या अमरावती जिल्ह्याने गाडगेबाबांचा खराटा दिला आणि तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना दिली. वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत गुरुदेव सेवा मंडळ हीच पहिली नागरिक संघटना. सकाळी रामधून काढत गावातून फिरायचं, फिरता फिरता गल्ली झाडायची, संध्याकाळी प्रार्थनेला बसायचं आणि प्रार्थना झाल्यावर गावाचं बोलायचं. या शेवटच्या भागाकडे फारसं लक्ष दिलं गेलं नाही, पण मंडळाचं खरं सामर्थ्य तिथे होतं. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, निमंत्रणाशिवाय भेटणारी माणसं ही कुठल्याही नागरी संस्थेची पहिली गरज असते.

२०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना सरकारने गाडगेबाबांच्याच नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली आणि गावोगाव तंटामुक्ती समित्या बसल्या. मग पाणी फाउंडेशनचा सत्यमेव जयते वॉटर कप आला. २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झालेली ही स्पर्धा २०१७ ला ३० तालुक्यांत गेली, त्यांत कारंजा होता. ८ एप्रिल ते २२ मे हे ४५ दिवस, म्हणजे वऱ्हाडातला सगळ्यात कडक उन्हाळा. डोक्यावर रुमाल बांधून माणसं पहाटेच, नाहीतर ऊन उतरल्यावर, टिकास-फावडं घेऊन माळावर जायची. त्या वर्षीचा पहिला नंबर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याला, एका आदिवासी गावाला मिळाला.

वाशिमसाठी पाण्याचा हा प्रश्न साधा नाही. जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसला आहे. उत्तरेकडे पडलेला पाऊस पूर्णेतून तापीकडे जातो, दक्षिणेकडचा पैनगंगेतून गोदावरीकडे. इथून नद्या निघतात, बाहेरून येणाऱ्या थोड्याच. वरून वाहून येणारं पाणी कुणाकडून फारसं मिळणार नाही, पडेल तेवढंच अडवायचं आहे. म्हणून इथे चर खणणं ही हौस असू शकत नाही. पण चर खणल्यावर तो दरवर्षी गाळाने भरतो, आणि भरलेला चर उकरायला स्पर्धा नसते, कॅमेरा नसतो, बक्षीस नसतं. मोहिमांची मर्यादा नेमकी इथे आहे. त्या हात गोळा करतात, हातांना सवय लागायच्या आत त्यांची मुदत संपते. ग्रामस्वच्छतेचे फलक रंग उडेपर्यंत गावाच्या वेशीवर उभे होते. तंटामुक्ती समितीचं अध्यक्षपद कित्येक गावांत नव्या भांडणाचं कारण झालं. हे मोहिमांचं अपयश मानायचं कारण नाही. पंचेचाळीस दिवसांच्या कामाकडून पंचेचाळीस वर्षांची अपेक्षा ठेवली, ही चूक ठेवणाऱ्यांची.

शहरात परत यायचं तर तिथल्या संघटना वेगळ्याच चेहऱ्याने भेटतात. गणेश मंडळ, दुर्गा मंडळ, शिवजयंतीची आणि भीमजयंतीची उत्सव समिती, १५ फेब्रुवारीला सेवालाल जयंतीची मिरवणूक काढणारे तांड्यातले तरुण, उरुसाची व्यवस्था पाहणारे मोहल्ल्यातले लोक. वर्गणीची पावती फाडण्यापासून खर्चाचा ताळेबंद मांडण्यापर्यंत सगळं त्यांना येतं. विदर्भात कितीतरी बुद्धविहारांतून अभ्यासिका चालतात आणि स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे रात्री उशिरापर्यंत वाचत बसतात. वस्तीने वस्तीसाठी चालवलेली याहून चांगली सोय शोधून सापडणार नाही. मंगरुळपिरात दादा हयात कलंदर यांचा दर्गा आहे आणि बिरबलनाथ महाराजांचं मंदिरही. गावाला मंगरुळपीर म्हणणारे आणि मंगरुळनाथ म्हणणारे एकाच बाजारात सौदा करतात. सणांच्या तोंडावर पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, सगळ्या मोहल्ल्यांतली वजनदार माणसं एका सतरंजीवर येतात. या बैठका दंगल टाळण्यासाठी असतात. त्याच माणसांना त्याच सतरंजीवर पाणी आणि कचऱ्यासाठी बोलावण्याचा रिवाज नाही.

कॉलनीत संघटना जन्मते ती बहुधा ओपन स्पेसवरून. ले-आऊट पाडताना सोडलेली मोकळी जागा कुणाची, तिथे बाग करायची की मंदिर, तिच्यावर कुणी टपरी टाकली तर हटवायची कुणी, या प्रश्नांवर चार घरं एकत्र येतात, निवेदन तयार होतं, मुख्याधिकाऱ्यांना देतानाचा फोटो निघतो. निवेदनाने काम झालं नाही तर धरणे, मग साखळी उपोषण, मग खड्ड्यांत बेशरमची झाडं लावण्याचं वऱ्हाडी आंदोलन. काम झालं तरी संघटना विरते आणि नाही झालं तरी थकून विरते. निवेदनाची पोचपावती एखाद्याच्या घरी फाईलमध्ये राहते. पुढच्या वर्षी दुसरी चार घरं पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसतात.

ही अवस्था बदलू शकेल अशी एक रचना बायकांनी आधीच उभी केली आहे. शहरी उपजीविका अभियानात दहा-वीस बचत गट मिळून वस्तीस्तर संघ झाले, त्यांचे पुढे शहरस्तर संघ झाले. दर आठवड्याला किंवा महिन्याला बैठक, हजेरी, इतिवृत्त, रुपयान् रुपयाची नोंद. मंडळांकडे उत्साह आहे, कॉलनी समित्यांकडे राग आहे, आणि वस्तीस्तर संघाकडे वही आहे. कर्जाच्या हप्त्यांसाठी ठेवलेल्या त्या वहीच्या मागच्या पानावर गल्लीतल्या नळाच्या वेळा आणि घंटागाडीच्या फेऱ्या लिहायला कुठल्याच नियमाची आडकाठी नाही.

मोठ्या शहरांनी काय केलं, ते थोडक्यात. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात ओला-सुका कचरा वेगळा करायला घेतला आणि पुढे महापालिकेने त्याच धर्तीवर एएलएम ही गल्लीपातळीची योजना शहरभर नेली. पुण्यात २००६-०७ पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवली जातात. दोन्ही प्रयोगांवर टीका झाली आहे आणि ती रास्त आहे. सुस्थितीतल्या वस्त्यांनाच त्यांचा लाभ जास्त झाला. वाशिमला त्यांची नक्कल करायची गरज नाही. पण प्रभाग समितीची सक्ती नसतानाही नगर परिषदेला लोकांकडून कामं मागवता येतात, एवढं त्यातून घेता येतं.

मधल्या काळात तर मागायचं कुणाकडे, हाच प्रश्न होता. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने विकास किशनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात स्थानिक संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी तीन कसोट्या घातल्या. ज्या जिल्हा परिषदांच्या जागांवर त्याचा थेट परिणाम झाला त्यांत वाशिम होती आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये इथे पोटनिवडणुका घ्याव्या लागल्या. पुढे आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात राज्यभरच्या निवडणुका अडकल्या, मुदत संपलेल्या नगर परिषदांवर प्रशासक आले आणि ते तीन वर्षांहून अधिक काळ राहिले. नगर परिषदांची मतदानं झाली ती डिसेंबर २०२५ मध्ये. एवढी वर्षं नगरसेवकाचं दार बंद होतं. या रिकाम्या जागेत नागरिकांची टिकाऊ संघटना वाढायला हवी होती. वाढली ती मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावरची निवेदनांची चळत.

त्याआधीपासून वाशिम मोजला मात्र खूप गेला. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम हे चार जिल्हे निवडले. आरोग्य, शिक्षण, शेती, वित्तीय समावेशन आणि पायाभूत सुविधा मिळून ४९ निर्देशक. त्यांनी जिल्ह्याकडे लक्ष गेलं, हे चांगलं झालं. ग्रामसभेला किती माणसं खरोखर बसली, हे विचारणारा निर्देशक त्या ४९ मध्ये नाही.

आकडे आणि कागद कुणी पाहायचे, या प्रश्नावर कारंज्याहून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेची गोष्ट आठवते. मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज गाडी वऱ्हाडाचा कापूस नेण्यासाठी इंग्रजी कंपनीने बांधली आणि शंभर वर्षं ती गरिबाची गाडी म्हणून धावली. ती थांबल्यावर मार्गावरच्या गावांतून ती वाचवण्यासाठी, ब्रॉडगेज करण्यासाठी माणसं रस्त्यावर आली. गाडीवरचा जीव सगळ्यांचा खरा होता. पण मार्ग, मालकी, करार आणि खर्च यांची कागदपत्रं चाळत बसणारे मोजकेच होते आणि दिल्लीत बोलणं होतं ते कागदांवर.

कागद पाहण्याची सोय आता तालुक्याच्या गावातही आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. पुणे महापालिकेत सुरू झालेली एक प्रथा राज्य सरकारने २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाने जिल्ह्यातल्या कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना लावली. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकाला कार्यालयात जाऊन अभिलेख पाहता येतात, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून महिनाभर वाट पाहावी लागत नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तोही याच वारी. सोमवारी दुपारी गल्लीतले दोघे नगर परिषदेत जाऊन आपल्या नालीची माप पुस्तिका मागू शकतात. कामाची लांबी, रुंदी, खोली मीटरमध्ये, सिमेंटचं प्रमाण, ठेकेदाराला दिलेलं बिल, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ते आकडे वहीत उतरवून संध्याकाळी घरी यायचं, वस्तीस्तर संघाच्या बायकांना आणि गणेश मंडळाच्या पोरांना हाक मारायची, टेपचं एक टोक एकाने धरायचं, दुसरं टोक दुसऱ्याने, आणि नालीच्या तोंडापासून मोजायला सुरुवात करायची.